वळणावरच्या पाट्या

नाट्यगृहातले सगळे त्याला बत्तीमामा म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी सहीपुरतं लागायचं, बाकी वर्षभर त्याची कुणाला गरज पडली नाही. मामा तिथला वायरमन. स्टेजवरचे झगमगीत दिवे त्याच्याकडे नव्हते, ते चालवणारे लोक नाटकाबरोबर यायचे आणि नाटकाबरोबर जायचे. मामाकडे होते ते कुणी कधी मान वर करून बघत नाही असे दिवे. जिन्यातले, बाल्कनीतले, पॅसेजमधले, वीज गेली की बॅटरीवर आपोआप लागणारे. आणि दारादारांवरच्या त्या हिरव्या पाट्या, ज्यांवर एक माणूस बाणाच्या दिशेने पळत असतो आणि शेजारी 'बाहेर' लिहिलेलं असतं.

त्या पळणाऱ्या माणसाला मामाने 'पळपुट्या' असं नाव ठेवलं होतं. संध्याकाळी प्रयोगाआधी तो सगळीकडे फेरी मारायचा आणि मॅनेजरला येऊन सांगायचा, "सगळे पळपुटे जागेवर आहेत. उघडा दारं." हे ऐकल्याशिवाय मॅनेजरही पहिली घंटा देत नसे.

या पाट्यांपायी मामाची निम्मी हयात दिग्दर्शकांशी भांडण्यात गेली. दिग्दर्शक नावाच्या प्राण्याला स्टेजवर मिट्ट काळोख हवा असतो आणि त्या काळोखात कोपऱ्यात हिरवा उजेड दिसला की त्याचं पित्त खवळतं. मग तो हळूच कुणालातरी शिडीवर चढवून पाटीवर काळा कागद चिकटवतो. मामा तो कागद ओढून काढायचा. एकदा तर ऐन मध्यंतरात एका नावाजलेल्या दिग्दर्शकाने मामाची गचांडीच धरली होती. "तुमच्या या हिरव्या दिव्याने माझी नायिका मरताना भाजीवालीसारखी दिसते!" मामा शांतपणे म्हणाला, "ती खोटी मरतेय हो साहेब. समोर बसलेत ते खरे मरतील." तो कागद त्या दिवसापासून पुन्हा लागला नाही. दिग्दर्शकही पुन्हा आला नाही, हे मॅनेजरने मामाला बरेच दिवस ऐकवलं.

मामाचे नियम दोन. पहिला, प्रत्येक वळणावर पाटी हवी. दुसरा, एका पाटीखाली उभं राहिलं की पुढची दिसायला हवी. मामी नाट्यगृहातच चहाचं काउंटर सांभाळायची. तिने हे दोन नियम इतक्यांदा ऐकले होते की कपबशा विसळताना ती ते पुटपुटली असती तरी तिला कळलं नसतं.

तर असा हा मामा. डोळे झाकून नाट्यगृहात कुठूनही कुठे जाणारा. आणि मग नाट्यगृहाची दुरुस्ती निघाली.

वर्षभर हातोडे चालले. नोकरमाणसांसाठी दारं उघडली तेव्हा स्टेजच्या मागची बाजू ओळखू येईनाशी झाली होती. जुना सरळ पॅसेज मधोमध भिंत घालून बंद केला होता, कारण तिथे नवी स्वच्छतागृहं आली. मेकअप रूम डावीकडून उजवीकडे गेल्या. आणि मीटररूम, जिथे मामाची खुर्ची, मामाचा डबा आणि मामाचं अर्धं आयुष्य होतं, ती उचलून थेट मागच्या टोकाला नेली. आत जायचं तर मागच्या दाराने शिरायचं आणि वळणं घेत जायचं. पहिल्या आठवड्यात सगळेच चुकले. झाडूवाली पुरुषांच्या मेकअप रूममध्ये शिरली. मॅनेजर स्वतःचं ऑफिस शोधत बाल्कनीत पोचला. खूप हशा पिकला. मामाही हसला, सगळ्यांत मोठ्याने हसला.

दुसऱ्या आठवड्यात सगळे रुळले. मामा रुळला नाही.

त्याला स्वतःलाच ते कळेना. मागच्या दाराने आत शिरावं, दोन पावलं टाकावीत आणि डोकं रिकामं व्हावं. डावीकडे की उजवीकडे? काल कुठे वळलो होतो? भिंती नव्या, रंग नवा, वास नवा, पण म्हणून काय माणूस रोजचा रस्ता रोज विसरतो? तो तिथेच उभा राही आणि पायातली चप्पल उगाच झटके, खडा गेल्यासारखी. कुणी येताना दिसलं की त्याच्याशी बोलत बोलत, त्याच्याच बाजूने निघे. लोकांना वाटे मामा हल्ली फार गप्पिष्ट झाला. खरं म्हणजे तो घाबरला होता. जन्मभर ज्याने लोकांना वाट दाखवली त्याला वाट सापडत नाही, हे मॅनेजरला कळलं तर तो काय म्हणेल? 'मामा, आता घरी बसा.' घरी! घरी तरी काय वेगळं होतं? परवाच तो न्हाणीघरात जायचं म्हणून उठला आणि कपड्यांचं कपाट उघडून उभा राहिला. मामीने विचारलं तर म्हणाला, "बिजागरी करकरतेय का बघत होतो."

दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या दारावर एक छोटा बॅटरीचा दिवा आला. मामी म्हणाली, "अहो, घरात कशाला?" तो म्हणाला, "वीज काय सांगून जाते?"

तोच उपाय त्याने नाट्यगृहातही केला. दुरुस्तीत उतरवलेल्या जुन्या पाट्या गोदामात धूळ खात पडल्या होत्या. पाट्या बसवायला आलेल्या कंत्राटदाराला मामा म्हणाला, "पुढचं तुम्ही बघा, मागची बाजू माझ्याकडे." कंत्राटदाराला तेवढंच काम कमी. मग मामाने जुन्या पाट्या पुसल्या, बॅटऱ्या बदलल्या आणि मागच्या दारापासून वळणावळणावर त्या बसवल्या. थेट मीटररूमपर्यंत. नियमाने, एकीखालून दुसरी दिसेल अशा.

सकाळी आत यायचं तर पळपुट्या पळतो तिकडे जायचं. घरी निघायचं तर पळपुट्याची पाठ असेल तिकडे चालायचं. इतकं सोपं. मामा त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. तो पळपुट्या बाहेर जायला लावलेला असतो आणि आपण त्याला आत पळवतोय, हे जन्मभर पाट्या लावणाऱ्या माणसाच्या ध्यानात कसं आलं नाही, असं कुणीही विचारेल. पण माणूस एकदा बुडायला लागला की हाताला लागेल ते धरतो. दोरी कुणाची आहे ते बघत बसत नाही.

नाट्यगृह प्रेक्षकांना उघडायचं तर अग्निशमन दलाचं प्रमाणपत्र हवं होतं. तपासणीला एक अधिकारी बाई आल्या. किरकोळ अंगाच्या, बुटांचा आवाज न करता चालणाऱ्या. त्या मॅनेजरला म्हणाल्या, "कागद नंतर बघते. आधी मेन बंद करा."

मामाने मीटररूममधून मेन स्विच खाली ओढला. दुपारची वेळ, पण नाट्यगृहाला दुपार कुठली? सगळीकडे अंधार पडला आणि पाठोपाठ बॅटरीचे दिवे टपाटप लागले. बाई प्रेक्षागृहातून फिरल्या, बाल्कनीत चढल्या, जिना उतरल्या. मॅनेजर मागोमाग. पुढची बाजू चोख होती. मग त्या स्टेजमागे गेल्या, एका मेकअप रूममध्ये शिरल्या आणि म्हणाल्या, "समजा मी नटी आहे. धूर झालाय. मला काही दिसत नाही, फक्त पाटी दिसतेय."

त्या बाणाच्या दिशेने निघाल्या. वळण आलं, पाटी होती. पुढे आणखी पाटी. मॅनेजर मनातल्या मनात खूश झाला, मामाचं काम म्हणजे काय! पुढच्या बाणाने एक दार दाखवलं. बाईंनी ते ढकललं.

आत मामा खुर्चीत बसला होता. एक हात मेन स्विचवर, मांडीवर डबा.

कुणालाच काही उमजेना. मॅनेजरने मामाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, परत मामाकडे पाहिलं. मामाला वाटलं हे सगळे आपल्याला भेटायलाच आलेत. तो उठून म्हणाला, "या, या."

"हे बाहेर आहे?" बाईंनी विचारलं.

मामाने त्या खोलीकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच कुणीतरी तिथे आणून ठेवली. खिडकी नसलेली खोली. मागे दार नाही. पुढे तेवढं एक.

"काका, पाट्या कुणी लावल्या?"

"मी."

"अहो, धुरात माणूस विचार करत नाही. बाण दिसेल तिकडे पळतो. तुम्ही त्याला इथे आणून कोंडताय."

हेच वाक्य मामाने आजवर किती दिग्दर्शकांना सुनावलं असेल. आता ते परक्याच्या तोंडून ऐकताना त्याच्या कानात नुसता घूं आवाज होऊ लागला. मॅनेजर म्हणाला, "मामा, तुम्ही? तुमच्याकडून हे?" त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मामाला जास्त लागलं.

"बांधकामवाल्यांनी घोळ घातलाय सगळा," मामा म्हणाला. "कुठलं दार कुठे नेलंय, काही मेळ नाही."

बाईंनी वाद घातला नाही. "योग्य बाणाच्या पाट्या उद्या कंत्राटदाराकडून लावून घ्या, मी परत येते. या मात्र आजच उतरवा. चुकीची पाटी असण्यापेक्षा पाटी नसलेली परवडली."

चहाचा ट्रे घेऊन मामी पॅसेजमध्ये उभी होती. तिने सगळं ऐकलं. बांधकामवाल्यांचं नाव ऐकताना तिने मामाच्या तोंडाकडे पाहिलं. हा माणूस कधी दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडणारा नव्हता.

बाई आणि मॅनेजर मागच्या दाराने पुढच्या बाजूला निघाले. मामाने मेन चालू केला, मॅनेजरचं बोट धरल्यासारखा त्यांच्या मागोमाग मागच्या दारापर्यंत गेला, तिथली शिडी घेतली आणि कामाला लागला. दाराशी असलेली पाटी पहिली उतरवली. मग तिच्या पुढची. मग पुढच्या वळणावरची. काम करताना त्याचं डोकं स्वच्छ चालत असे. स्क्रू काढ, वायर सोडव, पाटी खांद्यावरच्या पिशवीत टाक, शिडी पुढे घे. बाईंचं म्हणणं त्याच्या मनात एकसारखं फिरत होतं. खरंच आग लागली असती तर? त्या मेकअप रूममधल्या पोरी, तोंडाला रंग लावलेल्या, एकमेकींचे हात धरून पळत पळत आपल्या खुर्चीपाशी आल्या असत्या. आपल्यावर विश्वास ठेवून.

शेवटची पाटी मीटररूमच्या दारावरची. ती उतरवून हातात घेतली तेव्हा कुठे त्याला उमगलं की आपण काय करून बसलो.

आपण बाहेरून आत उतरवत आलो. आता आपण आत आहोत, आणि मागे एकही पाटी नाही.

पॅसेजमध्ये ट्यूबलाइट लख्ख जळत होत्या. डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत, दोन्हीकडे तोच नवा पिवळसर रंग. शिडीने वाट दाखवली असती, पण शिडी तर त्याने मीटररूमच्या दाराशी आणून टेकवली होती. तो डावीकडे निघाला, थबकला, परत आला. उजवीकडे निघाला. कुलूप लावलेलं कपाट दिसलं. हे कपाट इथे होतं? तो परत आला. लहान मुलं चकव्याच्या गोष्टी ऐकतात, तसा चकवा भर उजेडात, पगारी नोकरीच्या जागी लागला होता. हातातल्या पाटीची बॅटरी अजून चालू होती. पळपुट्या हिरवागार चमकत होता. मामाने आशेने पाटी समोर धरली. तो वळला, पळपुट्याही वळला. मामा तोंड करील तिकडे बाण वळत होता आणि प्रत्येक वेळी 'बाहेर' म्हणत होता.

हाक मारावी का? हाक मारली की सगळे येतील. मेन ओढावा का? मेन ओढला तरी सगळे येतीलच. मामा दारातच खाली बसला. पाटी मांडीवर घेऊन, रडू आवरत.

"अहो, चहा गार झाला."

पॅसेजच्या टोकाला मामी उभी होती. कुठल्या टोकाला, ते मामाला सांगता आलं नसतं, पण ती होती तिकडे त्याने पाहिलं. ती जवळ आली. खाली बसलेला नवरा, मांडीवर पेटलेली पाटी. तिने पदराने त्याच्या चेहऱ्यावरची धूळ पुसली, जणू त्यासाठीच आली होती.

"अगं," मामा म्हणाला. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि गेले कितीतरी दिवस गिळलेलं एकदाचं विचारून टाकलं. "दार कुठल्या बाजूला आहे?"

मामी म्हणाली, "बिजागरी करकरत नव्हती. मी बघितली होती."

"बांधकामवाल्यांचा घोळ नाही हा."

"माहीत आहे मला. उद्या मॅनेजरना आपण दोघं मिळून सांगू. डॉक्टरकडेही जाऊ." तिने हात धरून त्याला उठवलं. पाटी त्याच्या हातातून काढून घेतली, मागचं बटण शोधून बंद केली आणि खुर्चीवर ठेवली. "चला. मी पुढे होते."

"फार पुढे जाऊ नको."

"नाही जात."

"वळणावर थांब."

"थांबते हो. मला काय नियम ठाऊक नाहीत?"

ती पुढे चालत गेली. वळणाशी पोचून थांबली आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. मामा तिच्याकडे बघत भिंतीला हात लावत चालत आला. तो अगदी जवळ आल्यावर तिने उजवीकडे हात केला, आणि पुढच्या वळणावर जाऊन उभी राहिली.