एकटी बाई जिथे जेवते

काल मंडईमागच्या गल्लीत एका छोट्या खाणावळीत एक बाई एकटीच जेवताना दिसली. तिला कसलीच घाई नव्हती. भाकरी मोडून ती सावकाश खात होती. मला सुमनताई आठवल्या.

बाबांना ऑपरेशनसाठी पुण्याला आणलं, तेव्हा सुमनताईंचे यजमान शेजारच्या खाटेवर होते. मी चहा-बिस्किटांवर दिवस काढतेय हे पाहून त्या म्हणाल्या, "चला, जेवून येऊ."

"मला इथलं काहीच माहीत नाही हो. आणि सगळं महाग असणार."

"मी तरी कुठली इथली? पाट्या वाचत बसू नका. एकटी बाई निवांत जेवताना दिसली, की खुशाल आत शिरायचं. तिथं स्वस्त मिळतं, चवीचं मिळतं, आणि कुणी टक लावून बघत नाही."

दवाखान्यामागच्या बोळात तशी जागा सापडली. गरम भाकरी, पिठलं आणि खरडा समोर आला. पहिल्याच घासाला मला रडू फुटलं. बाबा तिकडे सलाइनवर, आणि मला अन्न इतकं गोड लागावं!

सुमनताईंनी माझ्या ताटात आणखी पिठलं वाढायला लावलं. "जेवा. उद्या त्यांना धरून तुम्हालाच चालवायचंय."

बाबा चालत घरी आले. सुमनताईंचे यजमान मात्र त्याच खाटेवर गेले.

आता सुमनताई गावी एकट्याच ताट वाढून घेत असतील. त्यांना दोन घास निवांत जात असतील ना, एवढंच मनात येत राहतं.