गाडीच्या मागून चालणारे मिस्त्री

कचरू मिस्त्री गेले आणि जालन्यातलं एक युग संपलं, असं त्यांच्या शोकसभेत तीन वक्त्यांनी सांगितलं. मंचामागच्या फलकावर त्यांच्या फोटोखाली 'कर्मयोगी' असं लिहिलं होतं. फोटोत ते कोट घालून होते. तो कोट त्यांचा नव्हता. मला बातमी त्यांच्या पत्नीनं, मुक्ताबाईंनी, फोनवर दिली होती. "सर, मिस्त्री गेले सकाळी..." अंबडला कोणाची तरी जीप बघायला निघाले होते, उंबऱ्यातच बसले. युगाविषयी त्या काही बोलल्या नाहीत. जीपवाल्याला निरोप द्यायचा राहिला, याची त्यांना काळजी होती.

माझी त्यांची ओळख नव्वदीच्या दशकातली. मी तेव्हा कॉलेजात इतिहास शिकवायचो आणि तितक्याच जुन्या वाटणाऱ्या एका गाडीचा मालक होतो. वडिलांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना रक्त शुद्ध करायला औरंगाबादला न्यावं लागे, आणि एसटीत बसण्याचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. नेमक्या त्या दिवसांत गाडी निळा धूर सोडू लागली आणि आठवड्याला लिटरभर इंजिन ऑइल पिऊ लागली. मी रोज सकाळी इंजिनातली मापाची कांडी काढून ऑइल बघायचो, कमी दिसलं की ओतायचो. या शिस्तीचा मला थोडा अभिमानही होता. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजच्या मालकांनी खुर्चीतूनच निदान केलं, "इंजिन उतरवा, बोअर करा. तीन आठवडे गाडी विसरा." तीन आठवड्यांत सहा फेऱ्या होत्या. एकही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मग कोणीतरी कचरू मिस्त्रींचं नाव सांगितलं. पत्र्याचं शेड, बाहेर लिंबाचं झाड. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. स्कूटर काढली, तोंडाला उपरणं गुंडाळलं आणि म्हणाले, "चला बदनापूरकडं. मी मागून येऊन राह्यलो." परत आलो तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते आणि उपरण्याला जळक्या ऑइलचा वास येत होता.

"चढाला धूर न्हाई, सर. उताराला तुम्ही पाय काढता, अन् पुन्हा दाबला की भक्कन येतो. सकाळी पहिल्या स्टार्टलाबी येत असंल?"

"येतो."

"मंग पिस्टनच्या रिंगा बराबर हायेत, बोअर कराया नको. ऑइल वरून, व्हॉल्व्हच्या सीलमधून उतरून राह्यलं."

मी विचारलं, हे नुसतं मागून येऊन कसं कळलं? त्यांचे वडील टेंभुर्णीकडं मेंढरं राखायचे. "मेंढरू बिमार पडलं तर म्होरून बघून बिलकुल कळत न्हाई. अप्पा दिसभर त्याच्या मागून चालायचे." एवढ्यावर विसंबायला मी कचरत होतो, हे त्यांना दिसलं असावं. त्यांनी प्लग काढून चारही सिलिंडरचं प्रेशर मोजलं, प्रत्येकात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं. काटा जवळपास तिथंच राहिला. रिंगा झिजल्या असत्या तर तो वर चढला असता.

मंगळवारी आम्ही औरंगाबादहून आल्या आल्या मिस्त्रींनी वडिलांना हात देऊन उतरवलं आणि गाडी ताब्यात घेतली. बुधवारी इंजिनचं हेड उतरवलं. जुनी सीलं बोटात बिस्किटासारखी मोडली. नवी जालन्यात मिळाली ती बसेनात. "चालून जातील की," दुकानदार म्हणाला. "तुमच्या गाडीत बसवा मंग," असं सांगून मिस्त्री एसटीनं औरंगाबादला गेले, संध्याकाळी बरोबर मापाची घेऊन आले. गुरुवारी मुक्ताबाईंनी डबा शेडमध्येच आणून ठेवला. तो तसाच परत गेला. शुक्रवारी सकाळी गाडी आमच्या दारात उभी होती. स्टार्ट केली... धूर नाही.

मी सवयीनं कांडी काढली. कमी दिसलं, म्हणून ऑइलचा डबा उचलला. मिस्त्रींनी माझा हात धरला. आमच्या फाटकापाशी चढ आहे आणि गाडी मी रोज त्या चढावरच उभी करायचो. त्यांनी ती ढकलत अंगणात सपाटीवर घेतली, दहा मिनिटं थांबले, पुन्हा मोजलं. ऑइल खुणेला टेकलेलं होतं.

"म्हंजे अर्धं गाडी पिऊन राह्यली होती, अन् अर्धं तुम्ही पाजून राह्यले होते, सर. जादा झालं की इंजिन उडवतं, जाळतं."

वडील मागच्या सीटवर बसून ऐकत होते. डॉक्टरांनी त्यांना पाणीसुद्धा मोजून दिलं होतं. ते म्हणाले, "चला, घरात मोजून पिणारे आता दोघं झालो." मिस्त्री एवढे हसले की त्यांना खोकला आला.

नंतर त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा आणून अंगणातल्या फरशीवर चाकांसाठी दोन पट्टे ओढले. "चढ-उतारावर कांडी खोटं बोलती, सर. मोजायचं तर हितंच." वडील त्यानंतर पावणेदोन वर्षं जगले. गाडीमुळे त्यांची एकही फेरी चुकली नाही.

गाडी मी पुढं विकली. पट्टे फिकट झालेत, पण दिसतात. शोकसभेहून आल्यावर मी त्या पट्ट्यांकडे बराच वेळ बघत बसलो होतो. त्या सभेत एका चौकाला मिस्त्रींचं नाव देण्याचा ठराव एकमतानं झाला. परवा मी जाऊन तो चौक पाहिला. तो उतारावर आहे.