लिंबोणीला आता पाणी नको

दुपारची जेवणं उरकली, भांडी घासून झाली, की मी पुढच्या खोलीत गार फरशीवर आडवी होते. डोळे मिटले तरी कान जागेच असतात. पंख्याची करकर, शेजारच्यांचा कुकर, आतून अण्णांचा खोकला. अण्णा म्हणजे माझे सासरे. माई, माझ्या सासूबाई, गेल्यापासून त्यांनी अंथरूणच धरलंय म्हणा ना. डॉक्टर मलाच रागावतात, यांच्या पोटात पाणी जात नाही, म्हणून चक्कर येते. अहो, मी उशाशी तांब्या भरून ठेवते आणि तो घटकाभरात रिकामा होतो! मग जातं कुठं पाणी? त्यात गच्चीवरची माईंची लिंबोणी पिवळी पडलीय, आणि अण्णांनी मनात घेतलंय, की ती गेली की आपणही गेलो. तसं बोलूनही दाखवतात, तेही घास हातात धरून.

करकर लांब लांब जाते. मग कुणीतरी माझ्या पायाला डिवचतं.

"ऊठ गं हेमा. लोळत काय पडलीस? झाड चाललंय तिकडं."

माई आहेत. पदर कमरेला खोचलेला, हातात खुरपं. जाऊन वर्ष होत आलं, पण आवाजातली धार तीच. मला भीती वाटत नाही. उलट इतकं बरं वाटतं, की घरात पुन्हा कुणीतरी मला रागावणारं आलं.

"मी काय करायचं ठेवलंय माई? शेणखत घातलं, ताक घातलं, निंबोळीचं पाणी फवारलं. पानं गळायची थांबतच नाहीत."

"आणि पाणी?"

"रोज घालते. एक दिवस चुकवत नाही."

"शहाणीच आहेस," म्हणत माई जिना चढायला लागतात. हयात असताना गुडघ्यांमुळे त्यांना एकेक पायरी नकोशी व्हायची. आत्ता मीच मागे पडतेय.

वरचं दार उघडतं तर दवाखान्याचा वॉर्ड. माईंची शेवटची कॉट. कॉटवर निळा ड्रम, ड्रममध्ये लिंबोणी, आणि तिला सलाइन लावलेलं. थेंब थेंब चाललेलं आहे. कॉटपाशी रांग लागलीय. पुढं माझा नवरा विलास, ओल्या केसांनी, आंघोळीचा मग घेऊन. त्याच्यामागं मीच, बादली घेऊन. आणि शेवटी बनियनवर, अनवाणी, अण्णा.

"बघ," माई म्हणतात. "विलास सकाळी येतो. तू संध्याकाळी. आणि हे तर दुपारभर. कुणी कुणाला सांगायचं नाही! प्रत्येकाला वाटतंय, माझ्यावाचून हिला कोण आहे."

"अण्णा जिना चढतात?"

"भिंत धरून. तू लवंडलीस की."

मी अण्णांच्या हाताकडं बघते. तांब्याचा तांब्या. कडेला पोचा आलेला, उशाशी असतो तोच.

"माई, हे पाणी तर मी त्यांना प्यायला..."

"तेच. आपल्या वाटचं पाणी तिला पाजतायत आणि स्वतः वाळतायत." माईंचा आवाज पहिल्यांदाच ओला होतो. "माझ्यावरची माया आहे गं ती सगळी. पण झाडाला तहान तर लागू द्याल!"

त्या पुढं होतात आणि सलाइनचं चाक बंद करतात.

ऊन लागतं. वाळत घातलेल्या चादरी फडफडतात. आम्ही गच्चीत ड्रमपाशी उकिडव्या बसलोय.

"बोट खुपस."

मी बोट मातीत घालते. दोन पेरांपर्यंत नुसता चिखल, आंबूस वासाचा.

"बुडाची भोकं बुजलीत. सळईनं मोकळी कर. ड्रम विटांवर चढव, खालून वारा जाऊ दे. वरची माती खुरप्यानं हलकी कर. आणि पाणी बंद. बोट कोरडं निघेल तेव्हाच घालायचं, तोवर कुणी कितीही तोंड वाकडं केलं तरी नाही."

"पण जगेल का?"

"खोड खरवड."

नखानं सालीचा एवढासा पापुद्रा निघतो. आत हिरवं आहे. ओलं, कोवळं, हिरवं! मला एकदम हसू येतं आणि त्याच्याबरोबर रडूही. इतके दिवस छातीवर धोंडा होता, तो उतरतो.

"रडतेस काय वेडे? पाण्याचा ताण बसला की उलट फुलावर येईल."

"अण्णांना कसं सांगू? माझं ऐकायचे नाहीत ते."

"बोट दाखव त्यांना," माई म्हणतात, आणि उठून वाळलेल्या चादरी गोळा करायला लागतात. एक चादर, मग दुसरी. तिसरीमागं त्या दिसत नाहीत.

पंखा करकरतोय. मी फरशीवर आहे, गालावर फरशीचा गारवा आहे. उजव्या हाताचं पहिलं बोट दोन पेरांपर्यंत मातीनं भरलंय. ओली, काळी, आंबूस वासाची माती. आत्ताच तर या हातानं भांडी घासली होती.

जिन्यापाशी पाऊल वाजतं. अण्णा. एक हात भिंतीवर, एका हातात तांब्या.

"अण्णा, थांबा! आज तिला पाणी नको."

ते चोरी पकडल्यासारखे उभे राहतात. "वाळतेय ती, हेमा."

"वाळत नाहीये. बुडतेय. आपण सगळ्यांनी मिळून बुडवलीय तिला." मी बोट पुढं करते.

ते बोट धरतात, नाकाशी नेतात, आणि बराच वेळ सोडत नाहीत.

"खोड बघितलंस?"

"हिरवं आहे अण्णा. आतून हिरवंगार आहे."

ते तिथंच पायरीवर बसतात. डोळे पुसतात. मग हातातल्या तांब्याकडं बघतात, आता याचं काय करायचं असं. आणि तोंडाला लावतात. घटाघटा, गळ्यावरून ओघळ येईस्तोवर पितात.

"अजून आहे का गं?" ते विचारतात.