पाणी तापवून ठेवलं

जपानी साहित्य शिकवते असं सांगितलं की इथे अमेरिकेत एडिसनच्या कुठल्याही मराठी घरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग जपानला का नाही गेलात? सुरुवातीला मी मनापासून उत्तर द्यायचे. आता भजी संपवते.

पुण्यात कॉलेजात असताना जपानीच्या क्लासला मला घातलं होतं ते आयटीत नोकरी लागावी म्हणून. बरोबरचे बहुतेक सगळे त्याच वाटेनं गेले आणि सुखात आहेत. माझ्या हातात मात्र क्लासच्या बाईंनी एक छोटी गोष्ट ठेवली आणि मी कामातून गेले. वाक्याच्या शेवटी क्रियापद, अगदी आपल्यासारखं. 'खाऊन बघ', 'देऊन टाक' अशी क्रियापदांना क्रियापदं जोडायची खोड, तीही आपलीच. एवढ्या लांबच्या भाषेत हे आलं कुठून? त्या दिवशी घरी येऊन मी आईला इतकी वाक्यं ऐकवली की शेवटी ती म्हणाली, आधी जेव.

पुढे लग्न होऊन जर्सी सिटीला आले आणि नदीपलीकडच्या एका विद्यापीठात जपानी आणि तुलनात्मक साहित्यात पीएचडी केली. तुलना करायची म्हणजे दुसरी भाषा हवी. सगळ्यांची दुसरी भाषा फ्रेंच नाहीतर जर्मन असायची, म्हणून मीही फ्रेंच घेतलं. माझं फ्रेंच म्हणजे धक्का मारल्याशिवाय सुरू न होणारी गाडी. मराठी येते का हे कुणी विचारलं नाही आणि विचारण्यासारखं काही आहे असं मलाही वाटलं नाही. ती घरात बोलायची भाषा होती.

पदवी मिळाल्यावर एका कॉलेजात वर्षावर्षाच्या करारावर शिकवत राहिले. मग एका हिवाळ्यात कळलं की पुढच्या वर्षीचा करार होणार नाही. नवऱ्यानं शांतपणे त्याच्या कंपनीत विचारून ठेवलं. त्यांना जपानी येणारं माणूस हवंच होतं. टोकियोच्या ग्राहकांसाठी केलेल्या स्क्रीनवरची बटणं बरोबर लिहिली आहेत का ते तपासायचं. काम वाईट नव्हतं. पण एकदा त्या बटणांकडे गेले की परत वर्गात येणं नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. उन्हाळ्यापर्यंत कायमची नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर बटणं, असं ठरलं. माझ्या विषयातली एकच जागा निघाली होती, टेक्सासमध्ये. तिथून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले.

आईची एक मैत्रीण तिथेच जवळ, शुगर लँडला राहते. मावशी निवृत्त डॉक्टर आहेत आणि कुणाचं ऐकत नाहीत. हॉटेलात कशाला राहतेस म्हणून त्यांनी मला घरी नेलं, सकाळी स्वतः गाडी चालवत विद्यापीठात सोडलं, आणि एवढ्या उकाड्यात गाडीत बसून मी काय करू, असं म्हणत थेट व्याख्यानाच्या खोलीत येऊन मागच्या खुर्चीवर बसल्या. मुलाखतीला मावशीला घेऊन येणारी उमेदवार त्या विभागानं पहिल्यांदाच पाहिली असावी.

अशा मुलाखतीत विभागासमोर एक व्याख्यान द्यायचं असतं; माझं एका जपानी कथेवर होतं. एका बाईचा मुलगा होडी घेऊन समुद्रावर जातो आणि परत येत नाही. गाव वाट बघतं आणि एके दिवशी त्याचे अंत्यविधी उरकतं. कथेचं शेवटचं वाक्य एवढंच, की त्या संध्याकाळी आईनं आंघोळीचं पाणी तापवलं. निदान इंग्रजी भाषांतरात तरी तसं आहे, आणि त्यावरून इकडच्या अभ्यासकांनी ठरवून टाकलं होतं की बाईनं मुलाचं जाणं स्वीकारलं, रोजचं आयुष्य पुन्हा सुरू झालं. मीही तेच म्हणत होते, फक्त वर फ्रेंच सिद्धांतांची कोथिंबीर पेरून.

विभागप्रमुख फ्रेंचचे प्राध्यापक होते आणि ऐकता ऐकता त्यांचे डोळे मिटायला लागले होते. प्रश्नांची वेळ झाली तेव्हा त्यांनी सौजन्य म्हणून विचारलं, की मूळ वाक्यात शब्दशः काय आहे. मी घाईत तोंडाला आलं ते बोलले.

“शी हीटेड द वॉटर अँड केप्ट इट.”

“केप्ट इट?” ते म्हणाले. “व्हेअर?”

खोली हसली. माझे कान तापले. हे आमचं घरातलं इंग्रजी. माझी मुलगी इथेच जन्मलेली, तीसुद्धा मला सांगते की आय मेड अँड केप्ट युवर टी. मी सॉरी म्हणून वाक्य सुधारणार, तेवढ्यात मला दिसलं की दोघीजणी हसलेल्या नाहीत. एक मावशी, ज्यांना त्यात हसण्यासारखं काही सापडलंच नव्हतं. आणि दुसऱ्या त्या विभागातल्या वयस्क जपानी प्राध्यापिका. त्या खुर्चीत एकदम पुढे सरकून बसल्या होत्या.

आणि मी मूळ वाक्य मनातल्या मनात पुन्हा वाचलं. मूळ वाक्यात 'तापवलं' नाहीच, 'तापवून ठेवलं' आहे! मी ती कथा इतक्या वेळा वाचली, शिकवली, आणि इंग्रजीतून विचार करता करता हे माझ्याच नजरेतून निसटलं. मी कागद बाजूला सारले आणि फळ्याकडे धावले. जपानी वाक्य लिहिलं, त्याच्याखाली मराठी. शब्दाखाली शब्द बसत गेला: आंघोळीचं पाणी, तापवून, ठेवलं. जपानीतही तिथे वस्तू ठेवतात तेच 'ठेवणं' आहे. मी भराभर सांगत सुटले. स्वतःसाठी आणि लगेच वापरायला कुणी पाणी 'तापवून ठेवत' नाही. ठेवतात ते पुढच्या वेळेसाठी, येणाऱ्या माणसासाठी. या बाईनं काहीही स्वीकारलेलं नाही. गावानं तिच्या मुलाचे विधी उरकले आणि ती घरी येऊन त्याच्यासाठी पाणी तापवून ठेवते आहे. खडू मोडला, माझा आवाज चढला, सिद्धांतबिद्धांत सगळं विसरले. इतकी मजा मला उभ्या आयुष्यात शिकवताना आली नव्हती.

मी थांबले तेव्हा त्या प्राध्यापिका बोलल्या. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. हे वाक्य त्यांना लहानपणापासून कळत होतं, पण इंग्रजीत सांगायला गेलं की दर वेळी हातातून गळून जायचं आणि विद्यार्थी त्या बाईला समंजस ठरवून वर्गाबाहेर जायचे. मग त्यांनी फळ्यावरच्या मराठी ओळीकडे बोट दाखवून विचारलं, ही कुठली भाषा.

परतताना गाडीत मावशी म्हणाल्या की पहिला अर्धा तास त्यांना झोप येत होती. मलाही, मी म्हटलं.

फोन आला तेव्हा मी एडिसनला, ओक ट्री रोडवरच्या एका भारतीय दुकानात मेथी निवडत होते. विभागप्रमुखांचा आवाज. जागा मला देण्याचं ठरलं आहे, त्यांनी सांगितलं, पण तुलनात्मक साहित्याच्या वर्गाबद्दल एक अट आहे. मला वाटलं, माझं फ्रेंच कसं आहे ते आता उघडं पडणार.

“फ्रेंच आमच्याकडे भरपूर आहे,” ते म्हणाले. “तुम्ही ते सोडा. जपानी आणि मराठी शिकवाल का?”

मी हो म्हटलं ते इतक्या मोठ्यानं, की शेजारी भाजी घेणाऱ्या एका काकूंनी वळून बघितलं. मेथी तशीच हातात घेऊन मी दुकानाच्या मधोमध रडत उभी राहिले. काय झालं गं, त्यांनी घाबरून विचारलं. मी म्हटलं, काकू, मला नोकरी लागली, मराठी येते म्हणून.