जमुनाचा चेहरा

भगवंतराव अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवीत. काचेच्या नळीत काही बुडबुडलं की मुलांच्या आधी मास्तरांचाच चेहरा उजळे. पण शाळेबाहेर लोक त्यांना चित्रांचे मास्तर म्हणूनच ओळखत. चिताऱ्यांचं काम घराघरांत ओलीने नासून चाललेलं पाहून त्यांनी गावोगाव हिंडून ती चित्रं मागून आणली होती. कुण्या साहेबाच्या मेहेरबानीने शाळेतली एक खोली मिळाली आणि भिंती भरून गेल्या.

त्यातलं एक चित्र पुंजाराम चिताऱ्याने आपल्या मुलीचं, जमुनाचं, काढलेलं होतं. मुलगी पटकीने गेली, मागोमाग बापही गेला. उरली त्याची बायको पार्बताबाई. आठवडी बाजाराला ती बडनेऱ्याहून भाजी घेऊन येई आणि टोपली रिकामी झाली की शाळेत येऊन चित्रासमोर बसे.

पुढे अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. ठेवायला जागा पुरेना. देवळाच्या ओसऱ्यासुद्धा गाठींनी भरल्या. शाळेची इमारत गोवर्धन शेठजींची. त्यांनी आधी विज्ञानाची खोली घेतली, तेव्हा बाटल्या, नळ्या, तेजाब सगळं चित्रांच्या खोलीत आलं. मग तीही खोली त्यांना हवी झाली.

"तुमची चित्रं गुंडाळली तं रडतात का, मास्तर? कापूस भिजला तं मी रडतो," शेठजी हसत म्हणाले.

इमारत शेठजींची असली तरी शाळा सरकारी, म्हणून निकाल अकोल्याहून येणाऱ्या शाळाखात्याच्या साहेबांच्या हाती होता. या खोलीत काय काम चालतं ते त्यांना प्रत्यक्षच दाखवावं, असं मास्तरांनी ठरवलं आणि आपला हुकमी प्रयोग मांडला. गंधक आणि लोखंडाचा कीस एकत्र तापवायचा, निवल्यावर त्यावर तेजाब ओतायचा. कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि तो वायू शिशाचा क्षार विरघळवलेल्या पाण्यात सोडला की पाणी काळं होतं. साहेबांपुढे फजिती नको म्हणून त्यांनी सकाळपासून चारदा तालीम केली. बाहेर गाठी रचलेल्या होत्या, त्यामुळे खिडकी उघडत नव्हती.

साहेब आले, नाकाला रुमाल लावून उभे राहिले. मग भिंतीकडे बोट करून त्यांनी विचारलं, इथल्या चिताऱ्यांनी सगळी माणसं अशी काळी का काढली आहेत?

मास्तरांनी वळून पाहिलं. हात दाखवून अवलक्षण झालं होतं. चिताऱ्यांचा पांढरा रंग म्हणजे सफेदा, आणि सफेदा शिशाचाच. मुलांना ते हे दरसाल सांगत आले होते. आता भिंतीवर एकही तोंड शाबूत नव्हतं. जमुनाचा गेरूचा लाल परकर तेवढा ओळखू येत होता.

खोली त्याच दिवशी गेली. चित्रं मास्तरांच्या घरी आली. शेठजींनी समजूत घातली, दिव्याच्या काजळीवर ढकलून द्या, त्या बाईला काय कळतंय. बाजाराच्या दिवशी पार्बताबाई पत्ता विचारत घरी आली.

"मास्तर, माह्या पोरीचं तोंड कुठी गेलं?"

"माझ्या हातून झालं, बाई. मी जो वायू केला, त्यानं."

तिने चित्र त्यांच्यापुढे सरकवलं. "तुमी केलं तं तुमीच पांढरं करा. तुमाले तं सारं येते."

त्यांना ते येत नव्हतं. काळा पडलेला सफेदा एका द्रवाने पुन्हा पांढरा होतो, असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं. मुंबईला लिहिलं, तर उत्तर आलं की तो द्रव विलायतेत करतात आणि बोटीत टिकत नाही. ते स्वतःच करायला बसले. भांडी फुटली, बोटं भाजली, काळं काळंच राहिलं. पार्बताबाई दोन बाजार येऊन विचारून गेली, मग यायची थांबली.

शेवटी मास्तरांनी अकोल्याचा एक चितारी गाठला आणि तेच चित्र नव्याने काढायला सांगितलं. त्याने कागद पसरून विचारलं, नाक कसं होतं? हनुवटी? मास्तरांच्या वहीत चित्राची लांबी-रुंदी होती, कागदाची जात होती, साल होतं. तीन वर्षं रोज ते त्या चित्रासमोरून गेले होते. नाक काही त्यांना सांगता येईना.

तसेच ते बडनेऱ्याला गेले. पार्बताबाई वाफ्यात मेथी खुडत होती. बांधावर उकिडवे बसून त्यांनी विनवलं, जमुना दिसायला कशी होती तेवढं सांगा, चितारी काढून देतो म्हणतो.

तिने हातातली जुडी बांधली आणि खाली ठेवली.

"मले आठोत असतं, तं मी दर बाजाराले तुमच्या शाळेत काहून आली असती, मास्तर?"