दुसरी स्प्रिंग

कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडण्याआधी मेकॅनिक चाचा चपला काढून बाजूला ठेवायचे. आमच्या जवळा बाजार गावात नव्याने आलेल्याला ती श्रद्धा वाटे. तुम्हालाही वाटली असती. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "इंजनाची थरथर तळपायाला आधी कळते, ताई. कानाला मागून."

माझा उजवा पाय अपघातात अधू झालेला. ब्रेक दाबण्याइतका जोर होता, पण ॲक्सिलरेटर हलकेच दाबून धरणं जमत नसे. घरची जुनी गाडी दारात उभी, आणि औंढ्याच्या शाळेत शिकवायला जाताना मी रोज कुणाचा तरी हात धरून प्रवासी जीपमध्ये चढायची. शेजारी राहणारे चाचा ते बघायचे. एक दिवस आपणहून म्हणाले, "पायाचं काम हाताला देऊ. बराबर व्हईल."

आमच्या ओसरीवर पोतं अंथरून त्यांनी थ्रॉटल बॉडी खोलली. इंजिनाला हवा पुरवणारी ती धातूची नळी, आत गोल झडप. काजळी पुसली, झडपेला दुसरी केबल जोडली आणि तिचं टोक स्टिअरिंगखालच्या एका खटक्याला आणलं. खटका ओढला की झडप उघडणार, गाडी वेग घेणार.

पहिल्याच दिवशी खटका सोडला तरी झडप मिटेना. उभ्या जागी गाडी किंचाळत राहिली. चाचांनी चावी फिरवून ती बंद केली. मी उतावीळ. म्हटलं, "हातानं मागं ढकलत जाईन की!"

त्यांना चिडलेलं मी तेवढंच पाहिलं. "न्हाई! पळवाया कुनीबी पळवंल. सोडली की थांबली पायजे. तुमी घरी येनार का न्हाई, ते त्याच्यावर हाय."

सगळं काढून घेऊन गेले. आठ दिवस नुसती झडप उघडत-मिटवत बसले होते, असं चाची सांगायच्या. शेवटी झडप मागे ओढून मिटवणारी एक जादा स्प्रिंग बसवून आले. वर आरटीओची मंजुरी येईपर्यंत मला गावाबाहेर गाडी नेऊ दिली नाही.

गेल्या हिवाळ्यात चाचा दुपारच्या नमाजानंतर बसल्या जागी गेले. मुलगी सेनगावला दिलेली. घरचे पुरुष दफनाच्या तयारीत, म्हणून तिला आणायला मी निघाले.

येताना ती माझ्या शेजारी बसली होती. औंढा मागे पडल्यावर तिचं लक्ष खटक्याकडे गेलं. "हे काय हाय, ताई?"

"तुझ्या अब्बांनी केलंय. माझ्यासाठी."

ती खटक्याकडे वाकली. मग म्हणाली, "फोनवर सांगायचे, ताईसाठी एक काम करून राहिलो म्हनून. मी कधी विचारलंच न्हाई, काय ते."

घर येईपर्यंत मी तिला चाचांबद्दल सांगत राहिले.