विंगेत मी गप्प राहिले

हे मी आजवर नवऱ्याजवळही बोलले नाही. तुला का सांगते आहे, कोण जाणे—पण मध्ये बोलू नकोस, नाहीतर परत गिळून टाकीन.

दिगंबर मला आवडत नसे. आजही आवडतो असं नाही. कुर्डुवाडीला रेल्वेत नोकरी करायचा आणि संध्याकाळी सोलापुरात येऊन आमच्या हौशी मंडळाची तालीम घ्यायचा. नाटक त्याचं, दिग्दर्शन त्याचं, मुख्य भूमिकाही त्याचीच. आम्ही आपले होयबा. आणि एवढं करून काम उत्तम करायचा—हाच तर राग! पहिल्या वर्षी मी भाळले होते त्याच्यावर. कामावर म्हणते मी, भलतं समजू नकोस.

मग प्रयोगाला पंधरा दिवस राहिले असताना त्यानं माझी भूमिका काढून घेतली. सगळ्यांसमोर. "शैलाबाई, तुमचा आवाज विंगेतच बरा वाटतोय की," म्हणाला आणि नाटकाची वही माझ्या हातात ठेवली. लोक हसले. मी प्रॉम्प्टर झाले.

प्रयोगात, दुसऱ्या अंकात, तो अडला. स्वतः लिहिलेलं वाक्य—आणि आठवेना! त्यानं विंगेकडे पाहिलं. वही माझ्या हातात होती, त्याच वाक्यावर माझं बोट होतं. आणि मी—मी तोंड उघडलं नाही. किती वेळ? प्रेक्षकांत शिट्ट्या सुरू होईपर्यंत. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

तेवढ्यावर तरी थांबावं की नाही? ग्रीनरूममध्ये त्यानं विचारलं, तर मी म्हणाले, मी दोनदा प्रॉम्प्ट केलं, तुम्हालाच कळलं नाही. त्याचा चेहरा पडला. त्याच्या वडिलांना शेवटी घरची माणसंही ओळखू येत नव्हती—हे मला ठाऊक होतं. आपलंही तेच सुरू झालं, असं त्यानं मनाशी धरलं. नाटकं लिहिली, बसवली, पण स्वतः रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही. एकोणीस वर्षं! ती वर्षं कुणी खाल्ली? मी.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीनं हट्ट धरला म्हणून तो पुन्हा उभा राहिला, स्वतःच्याच नव्या नाटकात. मी गेले ती त्याला तोंडावर आपटलेला बघायला—खोटं कशाला बोलू? आणि त्या मेल्यानं असं काम केलं, की मी खुर्चीची कड घट्ट धरून बसले. एक शब्द चुकला नाही. रडले मी. कौतुक करताना माझी जीभ जळते, पण असा नट मी दुसरा पाहिला नाही. आणि त्याच्यातल्या नटाला घरी बसवणारी मीच.

प्रयोग संपल्यावर भेटायला गेले. सगळं सांगायचं, असं ठरवूनच गेले होते. त्यानं मला लगेच ओळखलं, मुलीसमोर हात जोडले.

"पुढच्या प्रयोगाला विंगेत थांबा की, शैलाबाई. माझ्या डोक्याचा भरवसा न्हाय. तुमी असला तर भ्या वाटत न्हाय."

मी हो म्हणाले. शनिवारी तालीम आहे.